एकाच रकान्यात मांजर आणि मुख्याध्यापक

"चार रकाने! नाव, फोन, तारीख, उपचार. संपला विषय!" धाकट्याने छाती फुगवून सांगितलं.

ताई जनावरांची डॉक्टर. दवाखाना नवाकोरा, म्हणून वेळ ठरवायला छोटीशी वेबसाइट हवी होती.

"अरे, जनावराचं नाव वेगळं, मालकाचं वेगळं, असं नको का?"

"ताई, घर लहान आणि दारंच फार, असं होईल! तू सुया टोच, हे माझ्यावर सोड."

लोकांनी 'नाव' वाचलं आणि सुचेल ते भरलं. कुणी कुत्र्याचं, कुणी स्वतःचं. वेबसाइट बिचारी समदर्शी! तिने सगळ्यांना सारखेच संदेश धाडले. बँकेच्या साहेबांना जंताचं औषध घ्यायला बोलावलं, संगीत शिकवणाऱ्या बाईंना नखं कापून घ्यायला! दवाखान्याचा फोन पिसाळल्यासारखा वाजू लागला. तिघांनी तर येणंच रद्द केलं, आणखी दोघे रद्द करायला दवाखान्यात येऊन उभे राहिले. ताईचं तोंड एवढंसं झालं. धाकट्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात दार ढकलून एक निवृत्त मुख्याध्यापक आत आले. मागे बायको, तिच्या हातात मांजराचा पिंजरा. सरांनी मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं:

"उद्या सकाळी आपली नसबंदी आहे. रात्रीपासून उपाशी राहावे. सुरक्षिततेसाठी पिंजऱ्यातूनच यावे!"

सगळ्यांच्या माना वळल्या. कुत्र्यांनीसुद्धा कान टवकारले!

"डॉक्टर," सर म्हणाले, "उपास केला. पण या पिंजऱ्यात मी मावत नाही हो!"

आणि स्वतःच खो खो हसत सुटले. मग काय, सगळा दवाखाना हसला. रद्द करायला आलेले दोघेही जाग्यावर बसले.

सरांच्या बायकोने धाकट्याला बाजूला घेतलं. "निवृत्त झाल्यापासून हे हसायचंच विसरले होते रे. काल संदेश आला आणि घर हलेपर्यंत हसले. उपकार झाले बाबा तुझे!"

धाकट्याने वाकून नमस्कार केला. "काकू, उपकार तर तुमचे. आज सरांनी माझ्या ताईचा दवाखाना राखला."

दुपारी तो ताईच्या शेजारी बसला आणि एकेक गोष्ट तिला विचारून रकाने केले: मालकाचं नाव, प्राण्याचं नाव, जात, वय. संदेश कुणाला जाईल, तेही ठरलं. शेवटी 'आणखी काही सांगायचंय?' असा एक मोकळा रकाना ठेवला.

पहिली नोंद सरांचीच आली, मांजराचे टाके काढण्यासाठी. सगळं कसं जागच्या जागी, शुद्ध! धाकटा सुखावला. मोकळ्या रकान्यात लिहिलं होतं:

"रुग्ण घाबरट आहे. त्याला परस्पर कळवू नये. मी समजूत घालत आहे."