जांभूळझिऱ्याचे बाईस साहेब

फैजपुरात कोणाकडे लग्न निघालं, की आचारी म्हणून तोतारामचं नाव आधी ठरायचं, मुहूर्त मागाहून. पाचशे माणसांची वरण-बट्टी त्याने एकट्याने उतरवली होती, आणि ही गोष्ट तो स्वतः दिवसातून दोनदा सांगत असे. त्यामुळे एकतीस सालच्या चैत्रात जंगलखात्याने सातपुड्यातल्या जांभूळझिऱ्याच्या बंगल्यावर उन्हाळ्यापुरता स्वयंपाकी मागितला, तेव्हा तो बायकोला, इंदिराबाईला, म्हणाला, "चाल वं. साहेब येऊन येऊन किती येतीन? एक, नही तं दोन. आपल्याले ते काय काम हाये?"

बंगला खालच्या गावापासून सात कोस वर होता. दोन खोल्या, दोन खाटा, चार खुर्च्या, त्यातली एक तीन पायांची. पाण्याला म्हणून नाल्याच्या वाळूत एक झिरा. दिवसाला जेमतेम दहा हंडे पाझरायचे, आणि त्यातच शेजारच्या पाड्याचीही तहान भागायची. आधीच्या स्वयंपाक्याने साहेबाच्या आंघोळीला अर्धाच हंडा ठेवला म्हणून त्याला भर उन्हात पायी खाली धाडलं होतं. ही हकीकत तोतारामने पहिल्याच दिवशी ऐकली आणि तेव्हापासून तो रोज सकाळी झिऱ्याचे हंडे मोजायचा.

दीड महिना कोणी फिरकलं नाही. वैशाखातल्या एका गुरुवारी मात्र कचेरीचा निरोप्या धनसिंग धापा टाकत चढून आला. कारकुनाने तोंडी दिलेला निरोप त्याने तोंडीच ओतला, "शनवारे दुपारना बाईसाब येतीन. जेवानी, निजानी, आंघोयनी सोय करी ठेव." घोटभर पाणी प्यायला आणि पुढच्या चौकीकडे निघूनही गेला.

तोताराम होता तिथेच खाली बसला. खानदेशात बावीसला बाईस म्हणतात.

"बाईस साहेब," तो म्हणाला.

इंदिराबाईचा हात भाकरीवरच थांबला. "एका टायमाले?"

"येतीन म्हणला ना तो. एक असता तं येईन म्हणला असता."

"एका साहेबालेबी येतीनच म्हणता लोकं. त्याले पुन्हा इचारा."

"तो गेला दोन डोंगर पल्याड. अन् तुले सरकारचं काय समजते?"

जेवणाची त्याला चिंता नव्हती. बावीस पानं म्हणजे त्याच्या लेखी न्याहारी. पण निजवायचं कशावर आणि आंघोळ कशाने घालायची? अर्ध्या हंड्यावर एक माणूस घरी गेला होता. इथे बावीस साहेब कोरडे राहिले तर काय होईल, हे त्याला मोजवेना.

तसाच तो पाड्यावर गेला आणि गुमान पाटलाकडे वीस खाटा आणि झिरा खोल खणायला माणसं मागितली.

"कितला साहेब शेतस?" गुमानने विचारलं.

"बाईस."

गुमानने मनात हिशेब मांडला. दोन वर्षं तो येईल त्या साहेबाला पाण्याचं सांगत होता, आणि प्रत्येक साहेब म्हणे, वरच्या साहेबाला कळवतो. बावीस येताहेत म्हणजे तो वरचाही त्यात असणारच. तो म्हणाला, "खाटा देसू. खड्डाबी खंदी देसू. पन आमनं पाणीनं गाऱ्हानं तू मांडजो."

तोतारामने शब्द दिला. शुक्रवारी सगळा पाडा झिऱ्यावर लोटला. संध्याकाळपर्यंत खड्डा पुरुषभर खोल आणि गाडीभर रुंद झाला. तळाशी मात्र पाण्याऐवजी गुडघाभर गाळ. "उद्यापर्यंत बसन," तोताराम म्हणाला, पण त्याचा आवाज त्याला स्वतःलाच पटला नाही.

शनिवारी मोहाच्या झाडांखाली बावीस खाटा ओळीने मांडल्या, जणू पटकीची साथ आली होती. गोवऱ्यांत बट्ट्या भाजत होत्या. पाड्याचे चाळीस-पन्नास लोक धुतलेल्या कपड्यांत वाटेच्या दोन्ही अंगांना बसले होते. गाळ अजूनही गाळच होता. सूर्य कलला.

वळणावर धूळ दिसली. छपराची एकच बैलांची दमणी येत होती. हाकायला धनसिंग.

"एकच?" इंदिराबाई म्हणाली.

"बाकीच्या मांगे असतीन," तोताराम म्हणाला आणि त्याने टोपी सारखी केली.

इतक्यात मानाचं म्हणून पाड्याच्या लोकांनी ढोल वाजवला. चार मोठे ढोल, एकदम. बैल जागच्या जागी उसळले, शेपट्या वर करून वाट सोडून धावले. धनसिंग पहिल्याच हिसक्याला करवंदीच्या जाळीत पडला. दमणी एका चाकावर, मग दुसऱ्यावर, नाल्याच्या उताराला लागली. छपरातून बाईची किंकाळी आली. हातातल्या डावासकट तोताराम धावत सुटला. आंघोळ गेली, नोकरी गेली, आता माणूस जातंय एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

बैल थेट खणलेल्या झिऱ्यात शिरले आणि गाळात रुतून उभे राहिले. दमणी मागून आली, कलंडली आणि थांबली. ढोलही थांबले.

छपरातून पन्नाशीच्या एक बाई हळूहळू गाळात उतरल्या. कमरेपर्यंत चिखल उडालेला, चष्मा एका कानावर. लागलं काही नव्हतं. तोतारामने छपरात वाकून पाहिलं. एक ट्रंक, एक छत्री. मग त्याने हात जोडले.

"बाईसाहेब, बाकीचे एकवीस मांगून येऊन राह्यले का?"

बाईंनी चष्मा दुसऱ्या कानावर चढवला. ढोलवाल्यांकडे, खाटांच्या ओळीकडे, त्याच्या हातातल्या डावाकडे पाहिलं. "कोण एकवीस?" त्या म्हणाल्या. "मी फॉरेस्ट साहेबांची पत्नी. डॉक्टरांनी मला महिनाभर माणसांपासून लांब, शांत जागी राहायला सांगितलंय."

लंगडत आलेला धनसिंग म्हणाला, "मी बाईसाबच सांगं व्हतं."

तोतारामने डाव पाठीमागे लपवला. इंदिराबाईच पुढे झाली, बाईंचा हात धरून त्यांना वर घेतलं, घरात होतं तेवढं स्वच्छ पाणी त्यांच्या पायांवर ओतलं. बट्टी त्यांना चालत नव्हती. इंदिराबाईने ज्वारीच्या कण्यांची पेज केली, ती त्या दोन वाट्या प्यायल्या. बावीस साहेबांच्या बट्ट्या पाड्याने संपवल्या. जेवणानंतर गुमान पायरीशी बसला आणि तोतारामची वाट न बघता त्याने पाण्याचं गाऱ्हाणं स्वतःच मांडलं. बाईंना फार समजवावं लागलं नाही. त्यांनी तो झिरा आतून पाहिला होता. तिन्हीसांजेला त्यांनी साहेबांना चिठ्ठी लिहिली, त्यात पाण्याचंही लिहिलं आणि पेजेचंही.

सोमवारी उत्तर आलं, या वेळी लेखी. तोताराम बोचकं बांधूनच उभा होता. खाटा हलवायचंही त्याला सुचलं नव्हतं. बाईंनी वाचून दाखवलं: झिरा दगडाने बांधून काढण्यास मंजुरी. बाईसाहेबांचा स्वयंपाक यापुढे इंदिराबाईंनी करावा. तोतारामने काय करावे, ते इंदिराबाईंनी ठरवावे.

तोतारामने बोचकं खाली ठेवलं आणि बायकोकडे पाहिलं. तिने पेजेचं पातेलं उतरवलं, हात पुसले.

"खाटा पाड्यावर पोचवून या," ती म्हणाली. "एकेक करून न्या. बाईसाहेबाले आवाज चालत नही."