उशिरा बिडी

निपाणीत एक होता परशराम, एक होती त्याची बायको जयाबाई, एक होती लग्नाची लेक बेबी, आणि या तिघांच्या घरात चौथा राहायचा परशरामाचा खोकला. परशराम तंबाखूच्या वखारीत कारकून. दिवसभर नाकात तंबाखूची धूळ आणि घरी आल्यावर तोंडात बिडी. (वखारीत ओढायला बंदी होती, म्हणून तो राहिलेल्या बिड्या घरी भरून काढायचा.)

बेबीला बघायला पहिली मंडळी आली. परशरामानं कूळ सांगायला तोंड उघडलं आणि खोकला लागला. पोहे संपले तरी खोकला संपेना. मंडळी उठली आणि मुलीच्या बापाला क्षय आहे असं सांगत गेली. दुसरी मंडळी संकेश्वरहून महिन्यानं यायची होती. तीही अशीच उठली, तर बेबीला बघायला पुन्हा कोणी येणार नव्हतं.

परशरामानं ठरवलं, योग करायचा. मारुतीच्या देवळात म्हैसूरकडचे एक मास्तर पहाटे शिकवायचे, तेही कन्नडमधून. परशरामाला कन्नडची काळजी नव्हती. बाजारात गूळ-मिरची घेण्याइतकी त्याला येत होती, आणि तेवढ्यावर माणूस पंडित होतो अशी त्याची खात्री.

मास्तरांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले, छातीभर श्वास घ्यायला सांगितला आणि म्हणाले, "उसिरु बिडी."

परशरामानं नीट ऐकलं. उशिरा बिडी. म्हणजे श्वास घ्यायचा, थांबायचं, आणि जरा उशिरानं बिडी. आता देवळात बिडी कशी पेटवणार? तेव्हा ती घरी जाऊन ओढायची, हे मास्तरांनी सांगायला नकोच. शास्त्र इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

मास्तर देवळात वीसदा म्हणाले, तर हा घरी पाटावर ताठ बसून, डोळे मिटून वीस बिड्या ओढायचा. जयाबाई बोलायला गेली तर म्हणे, "शास्त्रातच हाय गं. मी काय माझ्या मनानं ओढतोय व्हय?"

आठवड्यात खोकला असा वाढला, की शेजारच्या मालुबाईच्या फळीवरचे डबे हलायला लागले.

जयाबाईचं माहेर गोकाककडचं, तिथं घरोघरी कन्नडच. एके पहाटे ती नवऱ्यामागनं गेली आणि देवळाच्या खांबाआड बसली. मास्तरांचे दोनच शब्द ऐकले, आणि पदराचा बोळा तोंडात घातला. वाटेत परशरामाला थांबवून म्हणाली, "अवो, उसिरु म्हंजे श्वास. आमच्या माहेराकडं 'बिडरी' म्हणत्यात, म्हैसूरकडं 'बिडी'. म्हंजे सोडा."

परशरामानं खिशातली बिडी काढून उलटसुलट बघितली. "मग मी ओढतोय ती बिडी?"

"ती बी बिडी."

घरातल्या सगळ्या बिड्या तिनं बंबात घातल्या. परशराम दोन दिवस तांब्या-भांड्यांवर चिडला आणि तिसऱ्या दिवशी मुकाट देवळात गेला. मग मात्र त्यानं एक पहाट चुकवली नाही. पद्मासनात पाय अडकले की जयाबाई येऊन सोडवायची, तरी मांडी घालायचा. हळूहळू खोकला एक दिवसाआड आला, मग वाट विसरला. कन्नड आता आपल्याला पक्की आली, हेही परशराम वखारीत सांगायला लागला.

संकेश्वरची मंडळी आली. मुलाचे वडील भावकूअण्णा क्षयाची गोष्ट ऐकूनच आलेले. पोहे खाताना त्यांची नजर बेबीपेक्षा तिच्या बापावर जास्त. खाणं झालं, त्यांनी खिसा चाचपला, तो रिकामा निघाला. परशरामापुढं हात करून म्हणाले, "बिडी?"

परशराम सावध झाला. व्याही परीक्षा बघतोय. तो ताठ बसला, डोळे मिटले, छातीभर श्वास घेतला आणि सोडायला लागला. बेबीनं चार कपबश्या मांडल्या, चहा ओतला, तरी त्याचा श्वास चाललेलाच. दाराआड जयाबाईनं तेवढा वेळ आपला धरून ठेवला होता. खोकला नाही, साधा ठसकाही नाही.

भावकूअण्णांचा हात तसाच पुढं राहिला. मग त्यांनी तो मागं घेतला आणि सुपारी फोडायला सांगितली.

बेबीचं लग्न थाटात झालं, आणि ती सुखानं नांदली. फक्त सुपारी फोडून जाताना भावकूअण्णा जयाबाईला बाजूला घेऊन हळूच म्हणाले होते, "छातीत दम लई हाय बघा तुमच्या मालकांच्या. पण कानानं ऐकू येत न्हाय, हे आधी सांगायचं व्हतं."

त्यानंतर ते जन्मभर परशरामाशी ओरडूनच बोलले.