जिभाऊंची पोपटी जीप

आमचे शेजारी जिभाऊ जीप रंगवायला बसले की गल्लीतल्या बायका आधी दोरीवरचे कपडे काढत, मग शेळ्या घरात घेत आणि वेळ उरलाच तर पोरांना हाक मारत. हा क्रम अनुभवातून ठरला होता. कपड्यांवरचा रंग निघत नसे आणि शेळी रंग चाटून आजारी पडे. पोरं मात्र रंगली तरी काही दिवसांत आपोआप पूर्ववत होत.

मी लग्न होऊन नाशिकहून तापीकाठच्या त्या गावी आले, तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर. पहिल्याच सकाळी मी दारात रांगोळी काढत होते. शेजारच्या अंगणात धोतर खोचलेले, डोक्याला फडकं बांधलेले एक उंच गृहस्थ मच्छर मारायच्या पंपाने जीपवर निळा रंग फवारत होते. वारा आमच्या बाजूचा होता. माझी रांगोळी हळूहळू निळी झाली. गृहस्थांनी पंप थांबवला, कुंपणाशी येऊन रांगोळी नीट निरखली आणि म्हणाले, "हाऊ रंग बेस दिसस."

मला अहिराणी कळत नव्हती. ह्यांनी आतून अर्थ सांगितला : "रंग छान दिसतो म्हणतायत." तेवढ्यावर ओळख झाली.

जिभाऊ हे काही त्यांचं नाव नव्हे. खानदेशात घरातल्या थोरल्याला मानाने जिभाऊ म्हणतात, आणि हे तर साऱ्या गावाचेच थोरले होते. गुजर पाटील, कपाशी आणि केळीची बागायत, बायको तरुणपणीच गेलेली. घरात ते आणि त्यांची मुलगी कमल. तिसरी ही जीप. महायुद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली ती जीप जिभाऊंनी आणली, तेव्हा तिचा रंग लष्करी हिरवा होता. "हाऊ रंग लपाना शे," जिभाऊ म्हणत, "माले कोनपासून लपनं शे?" कुणापासून लपायचं नसल्यामुळे त्यांनी ती आधी शेंदरी केली, मग निळी, मग पिवळी. जुना रंग खरवडून काढणं त्यांना मान्य नव्हतं. खालचा रंग म्हणजे वरच्या रंगाचं अस्तर, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे जीप दर वर्षी थोडी जाड होत गेली.

रंग सावलीतच वाळला पाहिजे हा दुसरा नियम. म्हणून जीप निंबाखाली उभी करायची. मग निंबाची पानं, काड्या, मुंग्या, कावळ्यांनी वरून टाकलेलं काय काय, हे सगळं रंगात बसे आणि त्यावरून पुढचा हात फिरे. बॉनेटवर हात फिरवला तर कुठल्या साली मुंग्या जास्त झाल्या होत्या ते कळत असे.

आणि रंगवायचं तर सगळंच रंगवायचं. चाकांच्या वाट्या, आरसा, पाना-पकडीचा डबा, हातातलं स्टिअरिंग. मूळच्या गाद्या फाटल्यावर त्यांनी सागाच्या फळ्यांच्या बैठका बसवल्या होत्या, त्यासुद्धा. "गाडी कशी एकसारखी दिसाले पाह्यजे," ते म्हणत. कमल ओट्यावरून म्हणे, "आबा, आते फक्त तुम्ही ऱ्हायनात." जिभाऊ हसत नसत. पण पुढे कितीतरी वेळ त्यांचा पंप नुसतीच हवा मारत असे, हे मी पाहिलं आहे.

कमलचं लग्न ठरलं ते नदीपलीकडच्या गावात. आमच्या घाटावर उभं राहिलं की तिच्या सासरचं माळवद दिसे. व्याही मोठे मानी गृहस्थ, पांढऱ्या स्वच्छ धोतराबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध. वऱ्हाड नावेतून येणार आणि व्याह्यांना घाटावरून मांडवापर्यंत जीपमधून आणायचं असं ठरलं. ठरल्या क्षणापासून जिभाऊंच्या डोळ्यांसमोर पोपटी रंग नाचू लागला. लग्नाच्या आदल्या दिवशी जीप पोपटी झाली. बैठकांसकट.

पुढचं आम्ही सगळ्यांनी पाहिलं. सनई वाजत होती, व्याही जीपमधून उतरले, मांडवाकडे वळले, आणि त्यांच्या मागे उभे असलेले सगळे एकदम गप्प झाले. मग एक पोर हसलं. मग कुणालाच आवरेना. सनईवाल्याचाही सूर फुटला. व्याह्यांच्या धोतरावर मागच्या अंगाला सागाच्या फळीच्या रेषांसकट पोपटी ठसा उमटला होता.

तिथल्या तिथे दोन्ही हात जोडून "चुकी व्हयनी" म्हटलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. पण जिभाऊंनी जीपपाशी जाऊन बैठकीवर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "रंग वाळेल व्हता. व्याहीसले घाम फार ऱ्हास."

लग्न लागलं. व्याही जेवले नाहीत.

दिवाळी आली, मुलीला आणायला माणूस गेला आणि एकटाच परतला. आमच्या नाशकाकडे दिवाळीचं मोठं कौतुक, पण खानदेशात सासुरवाशिणीचा खरा सण आखाजी. अक्षय्यतृतीयेला मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. जिभाऊंनी निंबाला झोका बांधला. गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणी त्यावर झुलल्या. कमलला मात्र पाठवलं नाही. निरोप आला की जिभाऊंनी चूक कबूल करावी, मुलगी दुसऱ्या दिवशी पाठवू.

"रंग वाळेल व्हता," जिभाऊ म्हणाले.

त्यानंतर त्यांनी जीप रंगवणं बंद केलं. गल्लीत कपडे बिनधास्त वाळू लागले. शहाणपण आलं असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात त्यांना दिव्यांनी धरलं.

जीपचे मूळचे दिवे त्यांना आता एकाएकी काजवे वाटू लागले. त्यांनी शहाद्याहून मालमोटारीचे मोठे दिवे आणले. ते बसेनात, म्हणून छिन्नीने जीपचं तोंड मोठं केलं. मालमोटारीची बॅटरी आणली, तीही बसेना, म्हणून ती शेजारच्या बैठकीखाली ठेवून वायर बाहेरून ओढली. तरी उजेड मनासारखा पडेना. दिव्यामागे चकचकीत वाटी असते, ती उजेड पुढे फेकते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. वाटीने एवढा जातो तर मोठ्या भांड्याने किती जाईल, असा हिशेब करून ते सकाळीच आमच्या दारात आले.

"वहिनी, परात शे का?"

मला वाटलं पाहुणे आले असतील. मी माझी माहेरची पितळी परात दिली. दुसऱ्या दिवशी ती कल्हईवाल्याच्या भट्टीवर दिसली आणि तिसऱ्या दिवशी जीपच्या डाव्या डोळ्यामागे. उजव्या डोळ्यामागे त्यांच्या घरची होती. आता जीप समोरून पाहिली की डोळे वटारलेल्या म्हशीसारखी दिसे. पहिल्याच संध्याकाळी शेतातून येणारा एक गाडीवान बैल सोडून चरात उतरला आणि "आगगाडी उनी!" म्हणून ओरडला. आमच्या काठाला रूळ नाहीत हे त्याला माहीत होतं, पण ते आठवायला त्याला सवड मिळाली नाही.

रोज दिवेलागणीला जिभाऊ जीप घेऊन घाटावर जात. उजेडाचा पल्ला मोजायला, असं ते सांगत. परत आले की पारावरचे लोक विचारत, "जिभाऊ, आज उजेड कथालोंग गया?"

"निम्मा पानीलोंग," ते गंभीरपणे सांगत. पुढे, "पल्याडनी वाळूलोंग."

लोक मागे डोक्याला बोट लावत. मलाही त्यात चूक वाटत नव्हती. माझं दुःख निराळंच होतं. सण तोंडावर आला, पुरणपोळीची कणीक भिजवायला परात नाही. मागायला गेले की ते जीपकडे पाहून म्हणत, "आते काढता येनार नही." शेवटी एका संध्याकाळी मी पदर खोचून घाटावरच गेले. आज परात घेतल्याशिवाय परतायचं नाही असं ठरवूनच.

जीप पाण्याकडे तोंड करून उभी होती. जिभाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी दिवे लावले. तापीच्या पाण्यावरून उजेडाचा पट्टा सरकत गेला, पलीकडची वाळू दिसली, वर दरड दिसली. त्यांनी दिवे मालवले. पुन्हा लावले. पुन्हा मालवले.

पलीकडे, कमलच्या सासरच्या अंगाला, दरडीवर एक कंदील होता. तो सावकाश वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला.

जिभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "उजेड पोचस."

"पोचतो," मी म्हटलं. त्या वर्षी मी कणीक पातेल्यात भिजवली.

फाल्गुनात नावाड्याने बातमी आणली की कमलला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत. पण व्याह्यांकडून बोलावणं नाही, निरोप नाही. जिभाऊ दोन दिवस जीपकडे फिरकले नाहीत. मग आमच्या ओट्याशी येऊन उभे राहिले. दाढी केलेली, अंगावर कोरं धोतर.

"वहिनी, कमलले आनानं शे. घरमा बाईमानूस नही. तुम्ही येशात का?"

मी साडी बदलून निघाले. उन्हाळ्याच्या तोंडाला तापीला वरच्या अंगाला, दोन-तीन कोसांवर उतार पडतो. टरबुजांच्या वाड्यांमधून जीप नदीत उतरली, पाणी उडवत पलीकडे चढली. मी मागे बसले होते. पायाशी गोधड्या होत्या आणि त्यांच्यात नीट गुंडाळलेला रंगाचा एक डबा. कशाला, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. चूक कबूल करायला निघालेला माणूस बरोबर रंग घेतो, हे लक्षण मला ठीक वाटेना.

व्याही ओट्यावर बसले होते. त्यांनी पाणी देवविलं आणि "बठा" म्हणाले. आतून बांगड्या वाजल्या, कमल दाराआड असावी. गल्लीतली माणसं एकेक करून जमली. जिभाऊंनी घसा साफ केला. पुन्हा साफ केला. शब्द काही बाहेर पडेना. आयुष्यात कधी न बोललेलं वाक्य असं आयत्या वेळी येत नसतं.

मग ते उठले, जीपपाशी गेले आणि डब्याचं झाकण उघडलं. पोपटी. सगळ्यांच्या देखत त्यांनी कुंचल्याने आपली स्वतःची, स्टिअरिंगमागची बैठक रंगवायला घेतली. घाई केली नाही. कडा, कोपरे, पाठीची फळी, सगळं नीट केलं. कुंचला डब्यावर आडवा ठेवला. कोरं धोतर सावरलं आणि त्या ओल्या फळीवर बसले.

"रंग वाळेल नव्हता, व्याही," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही.

"धोतरनी गोठ नव्हती, जिभाऊ," व्याही म्हणाले. "तुम्ही मन्हा घामवर ढकलं."

"घाम नव्हता तुमले."

व्याह्यांचे खांदे हलू लागले. आधी मला वाटलं रडतायत. पण ते हसत होते, आणि मग सगळी गल्ली हसू लागली. जिभाऊ उठू लागले तर व्याह्यांनी हात वर केला. "बठेल ऱ्हा, बठेल ऱ्हा. चहा येई ऱ्हायना." चहा यायला मुद्दाम उशीर लावला गेला, असं माझं आजही मत आहे. जिभाऊंनी तो बशीत ओतून, फळीला चिकटलेल्या अवस्थेत, शेवटच्या घोटापर्यंत घेतला.

कमल बाहेर आली. वाळली होती, पोट तेवढं पुढे. तिने सासऱ्यांना, सासूला वाकता येईल तेवढा नमस्कार केला. आबांजवळ आली, तर ते व्याह्यांना नमस्कार करायला उतरून पाठमोरे उभे.

"आबा, तुमले मांगे रंग लागना," ती म्हणाली. एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला. ती हसते की रडते ते तिलाही कळत नसावं.

गोधड्या घालून तिला पुढे बसवलं. जिभाऊंची जीप लष्करी, स्टिअरिंग डावीकडे, तेव्हा कमल त्यांच्या उजव्या हाताला, आणि दोघांच्या मध्ये गिअरचा दांडा. उतार ओलांडून आम्ही अलीकडच्या रस्त्याला लागलो. चढ चढताना घातलेल्या पहिल्या गिअरमध्ये जीप घुरघुरत होती. कमल काही वेळ शेतं बघत राहिली, कुणाची केळी, कुणाची कपाशी विचारत राहिली. मग बोलणं थांबलं. तिचं डोकं कलत कलत आबांच्या उजव्या दंडावर टेकलं. झोपली.

रस्ता सपाट लागला. आता जिभाऊ गिअर बदलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांचा हात दांड्यावर गेला आणि तिथेच थांबला. दंड हलला असता तर ती जागी झाली असती. त्यांनी हात तसाच ठेवला.

जीप पहिल्याच गिअरमध्ये चालत राहिली. मागून एक सायकलवाला आला आणि पुढे निघून गेला. डोक्यावर भारा घेतलेल्या दोन बाया बराच वेळ आमच्याबरोबर चालल्या, मग त्याही पुढे गेल्या. इंजिन तापल्याचा वास यायला लागला. शेवटी मागून बैलगाडी आली. बैल जीपच्या बरोबरीला आले तेव्हा गाडीवानाने वाकून आत पाहिलं आणि मोठ्या कौतुकाने विचारलं,

"काय जिभाऊ, बिघडनी का गाडी?"

आपल्या जीपबद्दल असा प्रश्न विचारणाऱ्याला जिभाऊ एरवी रस्त्यात थांबवून इंजिन उघडून दाखवत. त्यांनी मान न वळवता, ओठ जेमतेम हलवत उत्तर दिलं.

"हां," ते कुजबुजले. "बिघडनी. तू जाय पुढे."