हीटरचा पडण्याचा हक्क

लोकशाहीत प्रत्येक नागरिकाचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. ते विहित नमुन्यात, विहित मुदतीत आणि शक्यतो बाकीच्यांसारखंच असावं, एवढीच अपेक्षा असते.

वॉशिंग्टनमधल्या एका सरकारी कचेरीत (नाव लांबलचक आहे, तिथल्या लोकांनाही पाठ नाही) डोरीन रॅटलिफ एकोणीस वर्षं हे ऐकून घेण्याचं काम करत होती. नवा नियम करायचा झाला की सरकार लोकांची मतं मागवी. आलेली पत्रं डोरीन वाचायची, मोजायची आणि ‘बाजूने’, ‘विरोधात’ व ‘इतर’ अशा तीन गठ्ठ्यांत लावायची. ‘इतर’मध्ये शिव्या आणि कविता जात.

त्या हिवाळ्यात नियम आला तो खोलीत ठेवायच्या हीटरचा. हीटर कलंडला की आपोआप बंद पडला पाहिजे, एवढाच. त्यासाठी आत एक बारीकशी कळ बसवावी लागते, चाळीस सेंटची. मसुदा टेबलावर आला तेव्हा डोरीनला आनंद झाला आणि कचेरीत आनंद दाखवायची पद्धत नसल्यामुळे तिने तो दाबून टाकला. दोन वर्षांपूर्वी वेस्ट व्हर्जिनियात तिच्या आईच्या घरी असाच एक हीटर मांजरीच्या धक्क्याने कलंडला होता. घर गेलं, मांजर गेली आणि आईच्या दोन्ही हातांची बोटं आखडून बसली. तेव्हापासून ओपलबाई लेकीकडे राहत होत्या. त्यांच्या स्वेटरची बटणं रोज सकाळी डोरीनच लावून देई.

अशा नियमाला विरोध कोण करणार, असं तिला वाटलं. (एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतरही माणूस भाबडा राहू शकतो, हे इथे नमूद केलेलं बरं.)

हीटर उत्पादक संघाचे प्रतिनिधी होते वॉरेन किट्रिज. अकरा वर्षं ते याच कचेरीत डोरीनचे साहेब होते. कलंडणाऱ्या हीटरचा धोका सांगणारा पहिला अहवाल त्यांनीच लिहिलेला. मग ते समोरच्या इमारतीत नोकरीला गेले आणि त्याच अहवालातल्या चुका दाखवून देण्याचं काम त्यांच्याकडे आलं. त्या चुका कुठे आहेत, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

संघाने अधिकाऱ्यांसाठी संध्याकाळी खाण्यापिण्याचा बेत ठेवला. याबाबत कचेरीचा दंडक अगदी स्वच्छ होता: खुर्चीवर बसून काट्याने खाल्लं तर ती लाच, उभ्याने टूथपिकने टोचून खाल्लं तर ते सौजन्य. त्यामुळे कोळंबी, खिम्याचे गोळे, चीजचे तुकडे, सगळं टूथपिकवर होतं. एका उपसंचालकांनी बदकाची अख्खी तंगडी तीन टूथपिकांवर तोलून धरलेली डोरीनने स्वतः पाहिली. सचोटी म्हणतात ती हीच.

“अगं डोरीन, माणसं जळावीत असं आम्हाला वाटतं का?” वॉरेन तिच्या बशीत कोळंबी ठेवत म्हणाले. “पण हीटर कधी बंद करायचा हे अमेरिकन माणसाने ठरवायचं, की एका कळीने?”

“घर पेटलं की ठरवायला वेळ मिळत नाही, वॉरेन.”

“वा! चांगला मुद्दा आहे. लेखी पाठव.”

कर्मचाऱ्यांना मत पाठवता येत नाही, हा नियम वॉरेननीच केला होता.

पुढच्या आठवड्यात नियमाच्या विरोधात एक्केचाळीस हजार तीनशे बारा पत्रं आली. प्रत्येकाच्या तिसऱ्या ओळीत स्वातंत्र्य होतं आणि चौथ्या ओळीत प्रत्येकाला आपली आजी आठवत होती. जनता एकमुखाने बोलते म्हणतात ते डोरीनने प्रथमच इतकं शब्दशः पाहिलं. ती निमूटपणे मोजत होती. सव्वीस हजार सातशे आठव्या पत्राशी तिचा हात थांबला. खाली नाव होतं ओपल रॅटलिफ. पत्ता जळालेल्या घराचा.

“आई, तू सरकारला पत्र लिहिलंस?” घरी आल्या आल्या तिने विचारलं.

“या हातांनी? मला सूपचा चमचा धरवत नाही, आणि मी सरकारला पत्र लिहिणार! बरं, काय म्हणतेय मी?”

“‘माझा हीटर माझ्या कुटुंबातलाच एक आहे.’”

“कुटुंबातला? मेल्याने माझी मांजर खाल्ली!”

ओपलबाईंनी पत्र मागे घ्यायचं ठरवलं. तशी सोय होतीच. सोय नाही असं त्या कचेरीत काहीच नव्हतं. अर्जाची छाननी झाली. पत्त्याची खातरजमा करायला पाठवलेलं पाकीट ‘घर आढळले नाही’ असा शेरा घेऊन परत आलं. पत्र मागे का घेता, या प्रश्नापुढे ओपलबाईंनी ‘मी ते लिहिलंच नाही’ असं खरंखरं सांगितलं. तिथेच अर्ज बाद झाला, कारण पत्र मागे घेण्याचा अधिकार फक्त ते लिहिणाऱ्यालाच असतो.

मग त्यांनी नवं पत्र लिहिलं. मुठीत पेन्सिल धरून, तीन दिवस खपून. “हीटर पडला. बंद झाला नाही. घर जळलं. कळ बसवा.” चार वाक्यं. आजीचा उल्लेख नाही.

एका नागरिकाचं एकच मत धरतात. ओपल रॅटलिफ यांचं मत आधीच नोंदलेलं असल्यामुळे या पत्रावर ‘दुबार’ असा शिक्का पडायला हवा होता, आणि शिक्का डोरीनच्या खणात होता. तिने तो मारला नाही. ती तडक समोरच्या इमारतीत गेली.

“माझ्या आईचं नाव तुम्ही आणलंत कुठून?”

वॉरेनना मनापासून वाईट वाटलं. “संमतीशिवाय आम्ही कोणाचंही नाव वापरत नाही, डोरीन,” ते म्हणाले आणि त्यांनी फायलीतून, हीटर घेतल्यावर कंपनीला भरून पाठवलेलं हमीचं कार्ड काढून दिलं. कार्डाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: ‘ग्राहकाच्या हिताच्या प्रश्नांवर कंपनी माझ्या वतीने मत मांडू शकते.’ पुढच्या चौकोनात ठसठशीत बरोबरची खूण. अक्षर गोल, नेटकं, सरकारी.

ते डोरीनचं होतं. ख्रिसमसला हीटर तिनेच आईला दिला होता.

“मी म्हटलं होतं, नीट वाच गं,” ओपलबाई रात्री म्हणाल्या. “तू म्हणालीस, एवढं कोण वाचत बसतं?”

डोरीनला इतकी लाज वाटली, की दुसऱ्या दिवशी बटणं लावताना तिने आईच्या बोटांकडे पाहिलं नाही. कचेरीत जाऊन तिने खण उघडला आणि शिक्का मारला. जनतेच्या प्रचंड इच्छेला मान देऊन नियम रद्द झाला. त्यानिमित्त ठेवलेली कोळंबी ताजी होती, असं उपसंचालक सांगत होते.

वाचकहो, हसलात ना? हसावंच, अमेरिका फार लांब आहे. फक्त गेल्या आठवड्यात फोनवर ‘मला मान्य आहे’ या शब्दांवर बोट ठेवून तुम्ही पुढे गेलात, तेव्हा त्यांच्या वर काय लिहिलं होतं, तेवढं आठवून पाहा. नसेल आठवत तर राहू द्या. तुमचं पत्र वेळेत पोचलं आहे, आणि तुमच्या आजीबद्दल तुम्ही फार छान लिहिलं आहे.