शेजारचा प्लॉट

तात्या परचुऱ्यांकडे विकायला काही नव्हतं, तरी भेटेल त्याच्या गळ्यात ते शेजारचा प्लॉट मारत. प्लॉट भलत्याच कुणाचा, वर दलालीही नाही. भवानीपुरातल्या एका मुंजीत तर त्यांनी पंगतीत भटजींनाच गाठलं. "गुरुजी, सियालदाला गाडीत बसलात की विष्णुसहस्रनाम संपायच्या आत घर." गुरुजींनी जिलबी वाढायला सांगितली.

तात्या आणि मी डलहौसी स्क्वेअरला एकाच ऑफिसात. सोनारपूरच्या लाइनीवर नव्याच झालेल्या एका स्टेशनापाशी त्यांनी घर बांधलं, तेव्हा तिथे फलाट आणि बेडूक एवढंच होतं. "स्टेशन झालंय ना, मग गाव कुठे जातंय?" हे त्यांचं पालुपद. आणि गाव खरंच आलं की हो. आधी चहाची टपरी, मग सायकलरिक्षा, मग पूर्व बंगालातून आलेल्यांच्या बांबूच्या घरांची अख्खी कॉलनी. प्रत्येक बातमी तात्या घरात नातू झाल्यासारखी सांगत. न्हाव्याने दुकान थाटलं, त्या दिवशी डोक्यावर केस नसताना पहिले जाऊन खुर्चीत बसले.

मराठी माणूस मात्र येईना. "आमची ही दिवसभर एकटी हो. बोलायला कुणी नको का?" असं म्हणताना त्यांचा आवाज उतरायचा. माईंना बंगाली येत नसे. एकदा त्यांनी शेजारणीला सांगितलं, "चूल फार त्रास देते," तर ती बिचारी खोबरेल तेल घेऊन धावत आली. बंगालीत चूल म्हणजे केस.

शेवटी माईंची कणव येऊन एका रविवारी मी आणि माझी बायको प्लॉट बघायला गेलो. पाहतो तर अंगणात शेजारणींचा मेळा, आणि मधोमध माई तावातावाने बंगालीत वाद घालतायत. निम्मं मराठीच होतं ते, पण सगळ्या खुशीत होत्या. आम्हाला पाहून माई म्हणाल्या, "आशुन, आशुन, बसा."

बायको हसून म्हणाली, "तात्या, माईंना कशाला हवाय आता मराठी शेजार?"

तात्या प्लॉटातल्या गवताकडे बघत राहिले. "तिला नाही हो, वहिनी. ती आता घरातही असंच बोलते. मला निम्मं कळत नाही. संध्याकाळी कुणीतरी नुसतं 'काय तात्या, जेवलात का' म्हणावं, एवढंच."

बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदर खोचून ती गवतातून पार पलीकडे जाऊन आली आणि म्हणाली, "स्वयंपाकघर तुमच्या बाजूला काढू, तात्या. हाक ऐकू येईल."