रंगनाथबप्पांचं तोंड

आमचे रंगनाथबप्पा कुणाच्या दहाव्याला गेले तरी आधी माळ्याकडं बघतात. बाकीची माणसं माना खाली घालून बसलेली, बप्पांची एकट्याची मान वर. मग ते घरच्या कर्त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवतात, हळहळतात. ती हळहळ अगदी खरी असते. पण तिच्याच शेपटाला विचारतात, "आन् आबांच्या टायमाचा त्यो मोठा टेप? दोन खोक्यांचा? कुठं ठिवलाय आता?"

एका घरी तर बिचारा मुलगा, डोक्याचं मुंडण झालेलं, डोळे पुसत पुसत शिडी लावून माळ्यावर चढला. वर कांद्याचं पोतं आणि एक व्यालेली मांजर निघाली. बप्पा खालून म्हणाले, "मांजरीच्या मागं बघ बरं जरा."

बप्पा पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले. वडवणीत आमच्या मागच्या गल्लीत राहतात. लेक लातूरला दिलेली. घरात ते आणि कौसाकाकू. दिवाळी झाली की गल्लीतली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, दारांना कुलपं लागतात. मग त्या गल्लीत काकूंचं बोलणं आणि बप्पांचं काहीतरी ठोकत बसणं, एवढेच आवाज उरतात. माझं सरकी-पेंडीचं दुकान आहे आणि दुकानाची पिकअप गाडी आहे. बप्पांचा माझ्यावर लोभ आहे तो गाडीमुळं, हे मला पहिल्यापासून माहीत आहे.

नाद एकच. जुनं स्टिरिओचं सामान. लाकडी खोक्यांचे स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर, जड जड ॲम्प्लिफायर, ज्यांची बटणं फिरवताना तेल घातल्यासारखी फिरतात. नवं त्यांना काही चालत नाही. हातात मावणाऱ्या स्पीकरला ते "डास" म्हणतात आणि लग्नातल्या डीजेला "म्हैस". हा नाद कधी, कुठून लागला ते मी कधी खोदलं नाही. माणसाला नाद असतो, त्याला कारण लागत नाही, अशी माझी समजूत.

कुठं मंडपवाल्यानं धंदा बंद केला, कुणी घर पाडून स्लॅब टाकायला घेतला, कुणी जुनं फर्निचर काढलं, की बप्पांना वास लागतो. सकाळीच दुकानासमोर उभे. खांद्याला पिशवी, पिशवीत पेचकस, मऊ फडकं आणि वायरीचा गुंता. "दत्त्या, गाडी मोकळी हाय का?" मोकळी नसली तरी पोती उतरवायला लावतात. जागेवर पोचलं की खोकं बोटाच्या पेरानं ठोकायचं, कान लावायचा, डोळे बारीक करायचे आणि माझ्याकडं बघून म्हणायचं, "माल हाय बे दत्त्या, माल!"

इथंच सगळं बिघडतं. ही ओळ ते कुजबुजल्यासारखी म्हणतात, पण ती रस्त्यापलीकडं ऐकू जाते.

बप्पांना माल दिसतो, पण मिळत नाही. कारण बप्पांचं तोंड. आठवडी बाजारात भंगाराचा ढीग घेऊन सलीमभाई बसतो. एकदा त्यानं आपण होऊनच टेपचा एक डेक पुढं केला. "ले जाव बप्पा, कबसे पडेला है." चहाच्या पैशात घरी आला असता. बप्पांनी तो उचलला, उलटा केला, मागची पट्टी फडक्यानं पुसली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नातू झाल्यासारखा उजेड पडला. मी मागून सदरा ओढत होतो. काही उपयोग नाही.

"सलीम, अरं तुला ठावं हाय का हे काय हाय? ह्येच्यासाठी मुंबईला लोक जीव टाकतेत बे! हे बघ, हितं बघ, ह्या चाकाची रुंदी बघ. कावून एवढी ठिवली असंल?"

सलीमभाईनं चाकाची रुंदी बघितली नाही. त्यानं डेक हळूच बप्पांच्या हातातून काढून घेतला आणि पाठीमागं, स्वतःच्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवला. "तो फिर बप्पा, इसकू मुंबईच भेजते."

असं दर खेपेला. त्यामुळं बप्पांच्या घरी जे साठलंय ते सगळं दुसऱ्यांनी नाकारलेलं. त्यात एकेकटे स्पीकर फार. स्टिरिओला दोन लागतात, पण आमच्याकडं भावाभावांच्या वाटण्या होतात तेव्हा हंडे, पितळी परात, बैलं जशी वाटतात तसे स्पीकरही वाटतात. एक थोरल्याला, एक धाकट्याला. धारूरकडच्या एका गावात असा थोरल्याचा स्पीकर बप्पांनी मिळवला आणि जोडी लावायला भिंतीपलीकडं धाकट्याकडं गेले. धाकट्यानं त्याच्या वाटणीच्या स्पीकरवर पाण्याचा माठ ठेवला होता. वरून पाझरून पाझरून लाकूड फुगलं होतं.

"माठाला मी लोखंडी तिवई देतो," बप्पा म्हणाले.

"न्हाई."

"दोन देतो."

"बप्पा, तिवईचा प्रश्न न्हाई," धाकटा शांतपणे म्हणाला. "ह्यो तुमाला दिला की थोरल्याचा वाजंल. त्येचा वाजू द्यायचा न्हाई."

थोरल्याचा आता त्याच्याकडं नाहीच, आपल्याकडं आहे, हे बप्पांनी तीनतीनदा सांगितलं. पण वैर असं हिशोबानं चालत नाही. आम्ही एकच स्पीकर घेऊन परत आलो. कौसाकाकू दारातच उभ्या होत्या.

"आला का अजून एक मुका? ह्या घरात आवाजाला जागा हाय दत्ता, माणसाला न्हाई. आन् आवाज तर अजून आलेलाच न्हाई."

बप्पांनी स्पीकर भिंतीकडं तोंड करून ठेवला आणि हातपाय धुवायला गेले.

ह्या हिवाळ्यात घाटनांदूरहून निरोप आला. तिथले एक जुने डॉक्टर वारले होते. मुलगा पुण्याला असतो. त्यानं आईला न्यायचं ठरवलं होतं आणि बंगल्यातलं सामान काढायला घेतलं होतं. डॉक्टरांकडं मोठं मशीन आहे असं बप्पांनी नोकरीत असताना ऐकलेलं. निघताना मी गाडी सुरूच केली नाही. "बप्पा, आज तोंड उघडायचं न्हाई. खोक्याकडं बघायचं बी न्हाई. भाव मी करणार. कबूल?"

बप्पांनी खिशातून आख्खी सुपारी काढली, गालात धरली आणि मान हलवली.

बंगल्याच्या व्हरांड्यात तपासणीचं टेबल, वजनकाटा, कपाटं, सलाईनचा दांडा असं सगळं मांडलं होतं. डॉक्टरांचा मुलगा भला माणूस होता, पण त्याला संध्याकाळच्या आत मोकळं व्हायचं होतं. मी एका जुन्या लोखंडी पलंगाची चौकशी केली. बोलत बोलत आत हॉलमध्ये गेलो आणि माझ्यासारखा पेंडवालाही जागीच थांबला. कोपऱ्यात विणलेल्या पांढऱ्या रुमालाखाली ॲम्प्लिफायर, त्यातनं काचेच्या नळ्या डोकावत होत्या. शेजारी रेकॉर्ड प्लेअर. दोन्ही बाजूंना कमरेएवढे लाकडी स्पीकर. दोन्ही. एकसारखे. एक ओरखडा नाही.

बप्पांनी माझ्या दंडाला धरलं. पण तोंड बंद.

"आणि हे खोके?" मी जांभई दिल्यासारखं विचारलं.

"पलंगाबरोबर घेऊन जा," मुलगा म्हणाला. "जागा अडवून बसलेत नुसते."

झालं होतं. माझ्या जन्मात मी असा सौदा पाहिला नव्हता. मी पलंगाचं नक्की केलं, मुलगा बाहेर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला. आता फक्त उचलायचं होतं. मी एका स्पीकरला हात घातला, आणि आतून डॉक्टरांच्या बाई चहा घेऊन आल्या. बारीक चणीच्या, चष्मा लावलेल्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी ट्रे ठेवला आणि रुमालावरून हात फिरवला.

"इतकी वर्षं मी ह्याच्यावरची धूळ पुसते," त्या म्हणाल्या. "डॉक्टर कुणाला हात लावू देत नव्हते. दार लावून एकटेच ऐकायचे. हे वाजतं तरी कसं हो? तुम्हाला माहीत आहे का?"

त्यांनी हे माझ्याकडं बघून विचारलं नव्हतं. बप्पांकडं बघून विचारलं होतं.

बप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी हात जोडले. बप्पांनी गालातली सुपारी काढून खिशात ठेवली.

"बसा बाई," ते म्हणाले. "हितं न्हाई, मदी बसा. दोन्ही खोक्यांच्या बरोब्बर मदी."

मग त्यांनी रुमाल घडी करून बाजूला ठेवला, फडक्यानं एकेक नळी पुसली, वायरी तपासल्या, बटण दाबलं. नळ्यांत हळूहळू लालसर उजेड आला. "लगेच न्हाई वाजत. आदी तापू द्यावं लागतंय," बप्पा म्हणाले, आणि तापेपर्यंत त्यांनी जे सांगितलं ते मी, त्यांना गावोगाव हिंडवणारा, पहिल्यांदाच ऐकत होतो.

"मी नवा नवा नोकरीला लागलतो. धरणाच्या कॅम्पवर. सायबाच्या क्वार्टरवर फाईल घिऊन गेलतो. सायब म्हणले, बस. मदी बस आन् डोळे मीट. मला वाटलं चेष्टा करतेत. डोळे मिटले तर बाई, ह्या कानाला सतार, ह्या कानाला तबला, आन् समोर एक बाई उभी राहून गाती. समोर! मी हात पुढं केला. म्हटलं लागंल हाताला."

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग काय? कुणी नव्हतंच तिथं. सायब हसले, पण वाईट न्हाई हसले. म्हणले, उद्या बी ये. रोज जायचो."

"मग?"

"मग सायबाची बदली झाली."

एवढं बोलून बप्पांनी डॉक्टरांच्या रेकॉर्डींतली एक काढली, कडांना धरून ठेवली आणि सुई अलगद टेकवली. गाणं सुरू झालं. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. बाई आधी अवघडून बसल्या होत्या. मग त्यांनी मान डावीकडं केली, उजवीकडं केली आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "अगं बाई! इकडून वेगळं, इकडून वेगळं! आणि ही मधे कुठून येते हो?" बप्पा सांगत होते, त्या विचारत होत्या. नळी फुटली तर? सुई किती दिवस टिकते? खोकं लाकडाचंच का? बप्पांचं निम्मं उत्तर मला तरी थापच वाटत होतं, पण त्यांचा आवाज कधी नव्हे इतका हळू झाला होता. बाजारात ओरडतात ते बप्पा हे नव्हतेच.

गाणं ऐकून मुलगा आत आला. दारात उभा राहिला. मोबाइलवर शूटिंग घेतलं, कुणाला तरी पाठवलं. दुसरी बाजू लावेपर्यंत फोन वाजला. तो बाहेर जाऊन बोलला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा ओशाळलेला होता.

"काका, हे राहू द्या. माझा मित्र घेतोय, पुण्याला. त्याला ह्यातलं कळतं."

"अरे, त्यांना दे की," बाई म्हणाल्या. "त्यांच्याकडं नीट राहील."

"आई, तुला नाही कळत. आणि तिकडं फ्लॅटमध्ये तू थोडीच ऐकणार आहेस?"

बाईंनी चहाचे कप ट्रेमध्ये गोळा केले. बप्पांनी सुई उचलली, रेकॉर्ड पाकिटात घातली, बटण बंद केलं. नळ्यांतला उजेड विझेपर्यंत उभे राहिले आणि रुमाल होता तसा पसरून ठेवला.

आम्ही पलंग घेऊन निघालो. तो आम्हा दोघांनाही नको होता.

अंबाजोगाई मागं पडेपर्यंत मी दात आवळून बसलो. धारूरच्या घाटात उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो, तेव्हा मात्र राहवलं नाही. "कावून बोललात बप्पा? सांगा ना, कावून? फुकट मिळत व्हतं! उचलून गाडीत टाकायचं व्हतं!"

बप्पा खिडकीबाहेर दरीकडं बघत होते.

"तिनं इचारलं बे."

"इचारलं तर इचारलं! न्हाई माहीत म्हणायचं!"

"घरात एवढं सामान हाय," ते म्हणाले. "आजवर एक माणूस म्हणलं न्हाई, बप्पा, हे कसं वाजतंय? भाव इचारतेत. न्हायतर भंगारात कावून घालत न्हाई म्हणून इचारतेत. कौसा तर आता काहीच इचारत न्हाई." त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. "तुला वाटतंय मी येडा हाय, सौदे मोडतो. मी बोलतो ते समोरचं ऐकतंय असं वाटतं म्हणून. त्येनं भाव वाढवला की मग कळतंय, ऐकत नव्हता, हिशोब करत व्हता. ही बाई ऐकत व्हती. तुझी गाडी भरावी म्हणून मी तिला काय खोटं बोलू?"

ट्रॉली वळणावर रेंगाळत होती. मी बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिलो. मग घसा साफ करून म्हणालो, "बप्पा, त्या नळ्या आधी तापाव्या का लागतेत?"

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. रागानं नाही.

"राहू दे दत्त्या. तुला वाईट वाटलंय म्हणून इचारतोस. तू गाडी बघ."

ट्रॉलीनं बाजू दिली, मी गाडी पुढं काढली. मागं पलंग खडखडत होता. बप्पांनी खिशातली सुपारी काढून परत गालात धरली.