पंच्याखालचा सौदा

मी घोडीच्या छातीवरच्या गाठीला तिच्याच शेपटीचा केस बांधला.

चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट आवळून बांधला की ती वाळून गळून पडते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. माणसाच्या चामखिळीला. घोड्यालाच तो केस बांधला तर काय होतं, हे कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं, कारण तसं करणारा माणूस आमच्या घराण्यात माझ्याआधी जन्मला नव्हता.

पण हा मूर्खपणा नीट कळायचा तर आधी आप्पा होनराव कळायला हवेत, आणि आप्पा कळायचे तर त्यांचा पंचा.

आप्पा मार्केट यार्डातले गुळाचे आडते. गाळा आता पुतण्या बघतो, पण आप्पांच्या खांद्यावरचा पांढरा पंचा अजून निवृत्त झालेला नाही. जुन्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा पंच्याखाली हातात हात घालायचे आणि एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवायचे. बघ्यांना फक्त पंचा हलताना दिसायचा. ती पद्धत केव्हाच बंद झाली. आता लिलाव सगळ्यांच्या कानावर पडतील असे ओरडून होतात. बाजाराने टाकलेली ही पद्धत आप्पांनी घरी आणली.

मंडईत आंबेवाल्यापुढे उभे राहून ते म्हणतात, "हात आण." आंबेवाला जुना असेल तर हसून हात देतो, नवा असेल तर आधी गल्ला बंद करतो. घरी पाहुणे आले की आप्पा सुमनवहिनींचा हात पंच्याखाली क्षणभर धरायचे, आणि वहिनी बरोबर तेवढे कप चहा घेऊन बाहेर यायच्या. कुणाला बिनसाखरेचा, हेसुद्धा त्यात असायचं म्हणे. वहिनी गेल्या, मूलबाळ नव्हतंच. मग ती बोटं माझ्या वाट्याला आली. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. दोन बोटं दाबली तरी मी "हो" म्हणायचो, चार दाबली तरी "हो".

"साहेब, तू हेडक्लार्क झालास कसा रे?" आप्पा विचारायचे. मी सरकारी कचेरीत होतो म्हणून ते मला साहेब म्हणतात आणि अरे-तुरे करतात, दोन्ही एका दमात. मी त्यांना अहो-जाहो करतो, कारण ते वयाने मोठे आहेत आणि त्यांच्या घरचा गूळ चांगला असतो.

आमचं राहणं एकाच सोसायटीत. रोज संध्याकाळी खालच्या बाकावर आमचा चहा. आप्पा प्रत्येक गोष्टीत माझा सल्ला घेत. पंखा कोणता घ्यावा, पुतण्याला कोणती मुलगी करावी, गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नाही. घेत, आणि बरोबर त्याच्या उलट करत. त्यामुळे त्यांचं आयुष्यभर भलं होत आलं, आणि त्यात आपला वाटा आहे असं मी समजत आलो.

मग आप्पा एका जुन्या गिऱ्हाइकाकडच्या लग्नाला अकलूजला गेले आणि तिथल्या घोडेबाजारातून दोन वर्षांची भीमथडी घोडी घेऊन आले. सौदा पंच्याखाली झाला. भाव कुणाला कळला नाही. मलासुद्धा!

अंगावर गुळाच्या पाकासारखी काळपट तांबूस झाक, म्हणून नाव ठेवलं काकवी. उंड्रीला आप्पांचं गुळाचं जुनं गोदाम आहे. चारी बाजूंनी टॉवर उठलेत आणि मध्ये हे पत्र्याचं बसलंय. तिथे तिचा तबेला झाला. वरच्या बाल्कन्यांमधले लोक तिचे फोटो काढतात आणि मग वासाची तक्रार करतात.

आमचा चहा बंद पडला. "काकवीला खरारा करायची वेळ ती," आप्पा म्हणाले. कोल्हापुरी गुळाची पहिली ढेप दरवर्षी आमच्या घरी यायची, ती त्या वर्षी उंड्रीला गेली. आम्हाला फुटलेले तुकडे आले. घोड्याचा हेवा करणं निवृत्त हेडक्लार्कला शोभत नाही, हे मला कळत होतं. पण तिच्या पापण्या लांब होत्या, तिला बोलायचा आग्रह नव्हता, आणि आप्पा तिच्या कानाशी तोंड नेऊन इतका वेळ काही सांगत बसायचे की मी बसमधून उतरून गेटात उभा आहे हे दोघांच्याही लक्षात यायचं नाही.

"अहो, रोज उठून उंड्रीला कशाला जाता?" आमच्या हिने विचारलं.

"काकवीला बघायला."

"तिला कशाला, तिला किती भाव मिळतोय ते बघायला जाता तुम्ही."

काकवीच्या अंगावर गाठी पहिल्यांदा आप्पांनाच हाताला लागल्या. एक उजव्या डोळ्याच्या कडेला, मसुराएवढी. दुसरी छातीवर, सुपारीएवढी, खडबडीत. डॉक्टर केतकी आल्या. तिशीच्या आतल्या, पायात गमबूट, केस रबरबँडने बांधलेले. त्यांनी काकवीला आधी हुंगू दिलं, मग गाठी पाहिल्या.

"कोवळ्या घोड्यांना नाकातोंडावर साध्या चामखिळी येतात, त्या आपोआप जातात. या तशा वाटत नाहीत मला. हा बहुतेक सार्कॉइड, म्हणजे कातडीचा ट्यू..."

"बाई!" आप्पा ओरडले. "तिच्यासमोर नको."

"कुणासमोर?"

आप्पांनी डोळ्यांनी काकवीकडे खूण केली आणि पंचा खांद्यावरून काढला. "हात द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्यांनी हात दिला. पंच्याखाली आप्पा काय विचारत होते देव जाणे, पण पहिल्या गोंधळानंतर बाई हसल्या, मग गंभीर झाल्या, आणि मग तो पंचा बराच वेळ हलत राहिला. मला इतकी वर्षं जमलं नाही ते या पोरीला गमबूट न काढता जमलं.

"बाईंचा हात व्यापाऱ्याचा आहे," आप्पा कौतुकाने म्हणाले. माझ्या हाताबद्दल ते काय म्हणत, ते वर लिहिलंच आहे.

यानंतर डॉक्टरांनी गेटाबाहेर येऊन आप्पांना काही महत्त्वाचं सांगितलं. हा रोग आत पसरत नाही, सहसा जीव घेत नाही, पण जागाही सोडत नाही. डिवचला की चिडतो आणि वाढतो. म्हणून काही दिवस हात न लावता नुसतं लक्ष ठेवू, मग ठरवू. हे सगळं मला नंतर समजलं. त्या वेळी मी रुसून पाण्याच्या टाकीजवळ उभा होतो आणि माझ्या डोक्यात एकच शब्द राहिला होता: चामखीळ.

पुढच्या भेटीत आप्पा चारा उतरवून घ्यायला मागच्या दारी गेले, तेव्हा मी संधी साधली. काकवीला बरी करणारा मी, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं. आप्पा गहिवरून म्हणतायत, "साहेब, तू होतास म्हणून." मी तिच्या शेपटीचा एक लांब केस ओढला. तिने लाथ मारायला हवी होती. तिच्या बाजूने तेवढाच काय तो हलगर्जीपणा झाला. ती हरभरे खात राहिली आणि मी छातीवरच्या गाठीला केस करकचून बांधला. गाठ कसली ती, नुसती पसरट सूज. केस सारखा निसटत होता, पण मी चिकाटी सोडली नाही. आणखी एक केस जास्तीचा निघाला होता. माझ्या मानेवर बरीच वर्षं एक चामखीळ आहे. म्हटलं, वाया कशाला घालवा?

आठवड्याच्या आत काकवीची ती गाठ लिंबाएवढी झाली. फुटली, चिघळली, माश्या बसू लागल्या. ती पुढचा पाय टाकताना बिचकायला लागली. आप्पांनी गुळाचा खडा पुढे केला तर तिने मान फिरवली. आप्पा तसेच हात पुढे करून उभे राहिले. त्या दिवशी माझा हेवा कुठे गेला ते कळलं नाही. नुसती भीती उरली.

डॉक्टरांनी जखम धुतली आणि चिमट्याने एक काळा केस ओढून काढला. उजेडात धरला.

"हे कोणी केलं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधीच आप्पांनी खांद्यावरचा पंचा काढून माझ्या गळ्यात टाकला. "घाम पूस, साहेब." आणि डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "मी केलं."

डॉक्टरांनी आप्पांना तबेल्याबाहेर नेऊन झाडलं. वयाचा मुलाहिजा ठेवला नाही. आप्पा शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून ऐकत होते. आणि मी, आप्पांचा पंचा गळ्यात मिरवत, हा मान आपल्याला मिळाला म्हणून क्षणभर सुखावलो होतो. तेवढी माझी अक्कल.

"आता थांबता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "छातीवरची चिडली तशी डोळ्याजवळची चिडली तर पापणी जाईल. मग डोळाही. तीन मार्ग आहेत. कापून काढणं, पण पापणीला कापायला कातडी असते कुठे? आणि थोडं मागे राहिलं तर दुप्पट जोराने येतं. गोठवून जाळणं, ते छातीवर चालेल, डोळ्यापाशी धोका. तिसरा मार्ग, गाठीतच कॅन्सरच्या औषधाची इंजेक्शनं. पुन्हा पुन्हा द्यावी लागतील, दर वेळी गुंगी देऊन. खात्री कशाचीच नाही. पण पहिलाच प्रयत्न नीट झाला तर आशा सगळ्यात जास्त. तो फसला तर पुढचा प्रत्येक अवघड."

आप्पांनी पंच्यासाठी हात पुढे केला. मी तो मुकाट्याने दिला. एकेका मार्गाला यशाची आशा दहात किती, हे बाईंनी बोटांनी सांगितलं. आप्पांचा चेहरा एकदा पडला, एकदा जागेवर राहिला, एकदा किंचित उजळला. मग ते मला हाताला धरून गेटापाशी घेऊन आले.

"बोल, साहेब. काय करू?"

किती महिन्यांनी विचारलं होतं! "कापून टाका, आप्पा," मी ठामपणे म्हणालो. "एकदाच काय तो सोक्षमोक्ष."

आप्पांनी सुस्कारा सोडला. खांद्यावरचं मोठं ओझं उतरल्यासारखे दिसले. "बरं झालं तुला विचारलं," म्हणाले, आणि आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, "इंजेक्शन."

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी डॉक्टर आणि त्यांचा मदतनीस जाड हातमोजे घालून आले. गुंगीचं औषध चढलं तशी काकवीची मान खाली खाली येत आप्पांच्या खांद्यावर टेकली. तेवढं ते डोकं, पण आप्पा हलले नाहीत. डॉक्टरांनी काही विचारलं तर एक हात कसाबसा मोकळा करून ते पंचा शोधायला लागले.

"आता तरी तोंडाने बोला," मी म्हणालो. "झोपलीय ती."

"झोपलेल्यालाच जास्त ऐकू येतं." आप्पा काकवीच्या कपाळावरचे केस बाजूला करत होते. "सुमनच्या शेवटी दवाखान्यात डॉक्टर आणि मी तिच्या पायथ्याशी उभे राहून सगळं बोललो. किती दिवस राहिलेत, वगैरे. वाटलं, डोळा लागलाय तिचा. घरी आणल्यावर म्हणाली, अहो, एवढं मोठ्याने कशाला? हात धरून सांगायचं होतंत की. आपल्याला येतं ना तसं बोलता."

डॉक्टरांची सुई क्षणभर थांबली. मग त्यांनी हातमोजा काढून आप्पांचा हात पंच्याखाली घेतला आणि काहीतरी सांगितलं. या वेळी काय ते बघायला मी मान पुढे काढली नाही.

डोळ्याजवळची गाठ हळूहळू सुकली. तिथे आता नुसता एक बिनकेसांचा ठिपका आहे. छातीवरची मात्र अजून आहे. निम्मी झालीय, पण आहे, आणि ती माझी करणी असल्यामुळे डॉक्टर आल्या की मी अजून पाण्याच्या टाकीकडे जातो. काकवी पुन्हा गूळ खाते. आप्पांच्या हातचा. आमचा चहा आता उंड्रीला, रिकाम्या पोत्यांवर बसून होतो.

परवा मी धीर केला. "आप्पा, तो केस मी बांधला होता."

"माहितीय. दुसरा तुझ्या मानेवर लोंबत होता." आप्पांनी चहाचा घोट घेतला. "पंचा टाकला नसता गळ्यात, तर बाईंना दिसला असता."

माझा हात आपसूक मानेवर गेला. चामखीळ जागेवर होती.

"पण मग माझं नाव का नाही सांगितलंत?"

"बाईंनी तुला गेटाच्या आत पाऊल टाकू दिलं नसतं. मग मी बोलायचं कुणाशी?"

"का?" मी जरा खवचटपणे म्हणालो. "काकवी आहे की."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिच्यासमोर जपून बोलावं लागतं, साहेब. तिला कळतं. तुझं तसं काही नाही."